वरची मोठी चौकट

अक्का, तुझा फोन माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात आहे. तो चालू ठेवणं भाग आहे, कारण आपल्या वेबसाईटमध्ये शिरायचं तर सहा आकड्यांचा ओटीपी तुझ्याच नंबरवर येतो. नोंदणी करताना मी माझा नंबर टाकत होतो तेव्हा तू म्हणालीस, "साईट माझी आन् नंबर तुझा, हे कसं काय?" तुझं बरोबर होतं. म्हणून आता मी तुझा फोन चार्ज करतो, खिशात घालून बीडच्या ऑफिसात जातो आणि वाजला की उचलतो. कुणीतरी बाई विचारते, "अक्का, बारशाला जमतंय का?" मी काय झालं ते सांगतो. मग ती म्हणते, "मंग फोन कावून चालू ठिवलाय?"

का चालू ठेवला, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, तू गेल्यावरच्या प्रार्थनासभेला, मंडपात बरेच जण बोलले. तालुक्यातल्या पहिल्या महिला छायाचित्रकार, असं एक जण म्हणाले. 'पहिल्या' हे कुणी तपासलेलं नाही, म्हणून मी ते इथं लिहीत नाही. तू हसली असतीस. तुला असलं काही म्हटलं की तू म्हणायचीस, "दाजीचा कॅमेरा गंजू नये म्हणून धरला हातात." दाजी गेले तेव्हा तेलगाव फाट्यावरचा तो एका खोलीचा स्टुडिओ बंद होणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. तू दुसऱ्याच आठवड्यात शटर उघडलंस.

मागच्या उन्हाळ्यात मी रविवारचा आलो होतो. तू कलिंगड कापत होतीस. सुरी हातात तशीच ठेवून म्हणालीस, "बापू, मला वेबसाईट करायचीय. तुला कम्प्युटर येतंय."

"मला हिशेबाचे तक्ते येतात, अक्का. वेबसाईट वेगळी असते."

"मंग फोटूचे तक्ते कर."

मी विचारलं, कशाला पाहिजे तुला या वयात. तेव्हा तू मला त्या बाईचं सांगितलंस. ऊसतोडीला जाणारी, तुझ्याच वयाची. टोळीबरोबर निघायच्या आधी दुकानात आली आणि म्हणाली, अक्का, तू काढलेला माझा फोटो कुणी बघितला का? तू म्हणालीस, न्हाई गं, कुणीच न्हाई, नीट ठिवलाय. ती म्हणाली, "मंग काढला कावून?"

एवढं सांगून तू कलिंगडाची फोड माझ्या हातात दिलीस. ही वेबसाईट त्या प्रश्नासाठी होती. पुढं जे काही झालं ते सगळं त्याच प्रश्नातून झालं, आणि तू गेल्यावर मी जिथं अडकून पडलो तेही त्याच्यामुळेच.

बाहेरच्या माणसाला तुझ्या दुकानाची रीत सांगावी लागेल. बायका यायच्या त्या बँकेसाठी, रेशनसाठी, कुठल्या तरी योजनेसाठी फोटो काढायला. बरोबर नवरा, दीर किंवा मुलगा असायचाच. बाहेर भिंतीला लागून लाकडी बाकडं. तू दारातून हात करायचीस, "दादा, बसा तिथं." तो बसायचा. दार लागायचं, आतून निळा पडदा ओढला जायचा. सरकारी फोटो एका मिनिटात व्हायचा. त्यानंतर तू म्हणायचीस, "हा झाला त्यांचा. आता एक तुझा."

त्या दुसऱ्या फोटोत बाईनं काय करायचं ते बाईच ठरवायची. एकीनं नवऱ्याचा गॉगल लावला आणि पायावर पाय टाकून बसली. एका घरातल्या दोन जावा, घरात एकमेकींशी बोलायच्या नाहीत असं गावाला माहीत, इथं कपाळाला कपाळ लावून हसत होत्या. एक अंगणवाडीताई खुर्चीत डोळे मिटून झोपली. तिनं तुला सांगितलं होतं, "मी निजलेली कशी दिसते ते मी कधी बघितलंच न्हाई." तू तिला खरंच झोप लागेपर्यंत थांबलीस आणि मग फोटो काढलास. हे फोटो बायका घरी नेत नसत. घरात ठेवायचे कुठं? तुझ्याकडंच राहायचे.

मीही त्या बाकड्यावर बसलोय. माझ्या बायकोला, संगीताला, बँकेसाठी फोटो हवा होता, आम्ही बीडहून तुझ्याकडं आलो होतो, आणि तू मलाही म्हणालीस, "बापू, बाहेर." माझा दोनदा चहा झाला. संगीता आली तेव्हा केस परत बांधत होती. मी म्हटलं, पासपोर्ट साईजला एवढा वेळ? तू आतूनच उत्तर दिलंस, "लाईट गेलती." समोरच्या हॉटेलातला पंखा गरगर फिरत होता. मी समजलो, त्यांचा फेज वेगळा असेल.

वेबसाईट करायला आपण दोघंही सारखेच अडाणी होतो. सुरुवात तयार साच्यापासून केली. टेम्प्लेट म्हणतात त्याला. फोटोग्राफीसाठी म्हणून जो साचा मिळाला त्यात आधीच भरलेले फोटो होते. पहिल्याच पानावर एक गोरी बाई पांढऱ्या झग्यात गवतातून चालली होती. तू चष्मा वर करून बघितलंस.

"ही कोण?"

"नमुना आहे. आपण काढून टाकायची."

"हिला इचारलं का कुणी, हितं लावू का म्हणून?"

मला वाटलं तू गंमत करतीयस. तू गंमत करत नव्हतीस हे मला फार उशिरा कळलं. ती बाई पुसली तिथं करड्या रंगाची एक रिकामी चौकट आली. साच्याची तशी सोय असते. फोटो नसेल तिथं करडी चौकट दिसते. तुला ती चौकट लगेच आवडली. मला पहिल्या दिवसापासून ती खुपत होती.

मांडणी तूच ठरवलीस. वर एक मोठी चौकट, पानाच्या पूर्ण रुंदीची. तिच्याखाली चोवीस लहान, चाराच्या सहा ओळी. एकूण पंचवीस. मी तक्ता केला: क्रमांक, रुंदी, उंची, फाईलचा आकार. तुझ्या कॅमेऱ्याचे फोटो इतके जड होते की फाट्यावरच्या रेंजमध्ये एक फोटो चढेपर्यंत तुझी भाजी चिरून व्हायची. मग मी फोटो लहान करायचं शिकलो आणि तुला शिकवलं. रुंदी दोन हजारावर आणायची आणि मग चढवायचा. तू कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंस: आधी बारीक कर, मग चढव. मोबाईलवर साईट उघडली की चाराची ओळ मोडून सगळे फोटो एकाखाली एक येतात, हे बघून तू खूश झालीस. म्हणालीस, "ह्ये चांगलंय. रांगेत उभ्या ऱ्हायल्यासारख्या दिसत्यात."

पण फोटो चढवायच्या आधी होकार. प्रत्येकीचा, तिच्याच तोंडून. मी सुचवलं, फोन कर, एका दिवसात आटपेल. तू मान हलवलीस. "फोन कुणाच्या खिशात असतो? नवऱ्याच्या न्हाईतर पोराच्या. फोनवरचा हो म्हंजी फोनवाल्याचा हो." म्हणून तू कापूस वेचणीची वाट बघितलीस. वेचणीला रानात बायकाच असतात. सकाळी स्कूटी काढायचीस, छापलेला फोटो पदराखाली धरून सरीतून चालत जायचीस आणि तिच्या शेजारी वाकून वेचता वेचता विचारायचीस. संध्याकाळी मला फोन. "बापू, आज दोघी हो म्हन्ल्या. एक म्हन्ली इचार करते." 'हो' म्हणालेल्यांचे फोटो तू कम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये टाकायचीस, त्याचं नावच 'हो'. बाकीच्यांच्या फोल्डरचं नाव 'थांब'. मी 'हो' उघडायचो. 'थांब' उघडायचं नाही, हे तू एकदाच सांगितलंस, आणि मला एकदा सांगितलेलं पुरतं.

यावरून आपलं भांडण झालं, ते आता कधीच मिटणार नाही.

मी म्हणत होतो, जेवढ्यांचे होकार आले तेवढेच लावू. बाकी चौकटी काढून टाकू, पान नीटस दिसेल. ओळीत दोन फोटो, मग दोन करड्या, परत एक फोटो. एखाद्याला वाटेल साईट बिघडलीय. तू म्हणालीस, "एस्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतेत का न्हाई? तसा टाकलाय रुमाल. बाई यायचीय अजून."

"आणि आलीच नाही तर?"

"तर रुमाल ऱ्हाईल."

लहान चौकटींचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. वरची मोठी चौकट मात्र मला सोडवेना. साईट उघडल्या उघडल्या माणसाला पहिलं तेच दिसतं, आणि तिथं निव्वळ करडा रंग. एका रविवारी तू ओटीपी टाकून भाजी घ्यायला गेलीस, तेव्हा मी तुला न विचारता माझ्या मोबाईलवरचा सूर्यफुलाच्या शेताचा एक फोटो तिथं टाकून बघितला. चांगला दिसत होता. तू संध्याकाळी बघितलास आणि फोन केलास.

"ते फूल भाईर काढ."

"तात्पुरतं आहे, अक्का."

"तिथली बाई ठरलीय."

"कोण?"

"तुला कावून पायजे?"

"मला तक्त्यात नाव लिहायचंय."

"मंग लिव्ह, बाई."

मी चिडून फोन ठेवला. सूर्यफूल काढलं, पण तक्त्यात त्या चौकटीपुढं काहीच लिहिलं नाही. त्या आठवड्यात आपलं बोलणं झालं नाही. पुढचा फोन तुझ्या शेजारणीचा होता.

तू गेलीस तेव्हा पंचवीसपैकी अकरा होकार आले होते. चौदा चौकटी करड्या, वरची धरून. साईट जगासाठी बंदच होती. पत्ता टाकला तर 'लवकरच येत आहे' एवढंच दिसायचं, खाली कॅमेरा गळ्यात घातलेला तुझा फोटो. लोकांनी तुझी बातमी कळल्यावर तो पत्ता उघडून बघितला असणार. एका माणसानं मला विचारलंही, "लवकरच काय येतंय?"

तुझा अमोल पुण्याला परत जाताना म्हणाला, "मामा, आईचं तुम्हीच बघा. मला त्यातलं काही माहीत नाही." तो चांगला मुलगा आहे, मी त्याला दोष देत नाही. पण दुकानमालकाला गाळा महिनाअखेर रिकामा पाहिजे होता, आणि अमोलनं कम्प्युटर कुणालातरी द्यायचं कबूल केलं होतं. मी फोन करून त्या चौदा फोटोंचं विचारलं, तर तो म्हणाला, "एक तर सगळे टाका, नाहीतर सगळे डिलीट करा. सोपं आहे, मामा."

मी तुझ्या खुर्चीत बसलो. पासवर्ड मला माहीत, ओटीपी माझ्या खिशात, 'थांब' फोल्डर समोर. फोल्डर उघडला की फोटोंची लहान लहान चित्रं दिसतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी सेटिंग बदलून नुसती नावांची यादी दिसेल असं केलं आणि मगच उघडलं. चौदा फाईली. प्रत्येकीला नुसता आकडा. मी आयुष्यभर आकड्यांशी काम केलंय, अक्का, पण इतके मुके आकडे मला कधी भेटले नव्हते.

सगळे टाकायचे तर होकार नाहीत. पुसायचे तर ते माझे नाहीत, तुझेही नाहीत, त्या बायकांचे आहेत आणि दुसरी प्रत कुठंच नाही. जाऊन विचारायचं तर कुणाला? कुठला फोटो कुणाचा हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायचं तर नाही. समजा कळलंच. मी, एक पन्नाशीचा पुरुष, कुणाच्या रानात जाऊन म्हणणार काय? ताई, दार लावून अक्कानं काढलेला तुमचा फोटो माझ्याजवळ आहे? मी रविवारी यायचो, शटर अर्धं उघडायचो, यादीकडं बघत बसायचो आणि परत जायचो. चार भिंतींना चार दारं असावीत आणि प्रत्येकावर तुझ्या अक्षरात 'थांब' लिहिलेलं असावं, असं झालं होतं. तुझा मला राग यायचा. तू हे असं माझ्या गळ्यात घालून गेलीस. रागाच्या पाठोपाठ वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातलं असतं तर त्यानं एव्हाना फोटो उघडून बघितले असते. तू माणूस बघूनच घातलं असशील.

संगीताला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तू कुणाला बोलू नको म्हणाली होतीस, आणि 'कुणाला'मध्ये बायको येते का, हे मी तुला विचारलं नव्हतं. एका रविवारी तीच माझ्याबरोबर आली, तुझी भांडी आवरायला. मी शटरच्या आत नुसता बसलेला बघून म्हणाली, "किती दिस असे बघत बसणार?"

मी सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती. तिला त्यातलं काही नवीन वाटलं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

"मी बघते," ती म्हणाली. "तेलगावच्या बायका वळखते मी. तुमी भाईर बसा."

मी बाहेर बाकड्यावर बसलो. दार लागलं. समोरच्या हॉटेलवाल्यानं न विचारता चहा पाठवला. बऱ्याच वेळानं ती दारात आली.

"तेरा जणी वळखल्या."

"फाईली चौदा आहेत."

"हाय म्हायती मला."

"चौदावी कोण?"

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "वळखते मी तिलाबी," आणि भांडी आवरायला निघून गेली.

अक्का, मला बेरीज-वजाबाकी शिकवावी लागत नाही. केस परत बांधत बाहेर आलेली संगीता, फिरणारा पंखा, 'लिव्ह, बाई'. वरची मोठी चौकट कुणासाठी धरून ठेवली होतीस ते मला त्या बाकड्यावर कळलं, चहा गार होईपर्यंत.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते तुलाच सांगू शकतो. आमच्या लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. घरात तिचे फोटो आहेत, लग्नातले, मुलांच्या वाढदिवसांचे, सगळ्यांत ती माझ्या उजव्या हाताला उभी आणि सगळ्यांत एकच चेहरा. मी सकाळी डबा घेताना तिच्याकडं बघायचो आणि वाटायचं, हिचा दुसरा चेहरा त्या यादीतल्या एका आकड्यामागं आहे. अक्कानं बघितलाय. मी नाही. त्यात काय असेल? हसत असेल? रडत असेल? हातात काही धरलं असेल? विचारावं म्हटलं तर विचारायचा हक्क नाही असं वाटायचं. न विचारता तर ऑफिसात मी तीच बेरीज दोनदोनदा करायचो. घर तेच, माणसं तीच, आणि मला पाय हलवायला जागा नव्हती. एकदा मी तुझा फोन हातात घेऊन ओटीपी मागवला. आलाही. मी तो टाकला नाही. थोड्या वेळानं त्याची मुदत संपली.

तू हे माझ्यापासून का लपवलंस, असं तुला विचारायचं होतं. मग कळलं, लपवलं नाहीस. ती बाई ठरलीय, असं तू मला स्वच्छ सांगितलं होतंस. तिनं हो म्हणायचं होतं, एवढंच बाकी होतं.

इकडं संगीतानं तुझं काम हातात घेतलं. माझ्याशी चर्चा केली नाही. बीडहून सकाळच्या एस्टीनं जायची, तेरा फोटोंचे छापील कागद पिशवीत, आपल्या पदराखाली. कापूस संपला होता, पण ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्या होत्या. ती हापशावर, पीठगिरणीच्या ओट्यावर, जिथं बायकाच असतील तिथं बायकांना गाठायची. घरी आल्यावर नुसता आकडा सांगायची. सहा जणी हो म्हणाल्या. चार जणी नको म्हणाल्या. त्यांच्या हातात त्यांचे कागद दिले, आणि त्यांना दुकानात बोलावून त्यांच्या देखत कम्प्युटरवरचे फोटो पुसले. तिघींचा पत्ता लागला नाही. त्यांच्या चौकटी करड्या राहतील, फोटो मात्र पुसले नाहीत, पेन ड्राईव्हवर घेऊन आमच्या कपाटात ठेवलेत.

जी विचारून गेली होती, मंग काढला कावून म्हणून, ती त्या सहांत आहे. टोळीबरोबर परत आली तेव्हा तू नव्हतीस. संगीतानं तिला फोटो दाखवला. ठेवणीतली लाल साडी नेसलेली, उसाचा कोयता खांद्यावर टाकलेला, नजर सरळ कॅमेऱ्यात. ती फोटो हातात धरून म्हणाली, "लाव गं. बघू दे की समद्यांना. आन् खाली नाव लिव्ह माझं. काय भेते का मी?" संगीतानं नाव लिहिलं. पंचवीसांत नाव असलेला तो एकच फोटो आहे. मी तो बघितला, कारण आता तो 'हो' मध्ये आहे. अक्का, फोटो छान आला आहे. हे तुला कुणी सांगितलं होतं की नाही माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त त्यांचे आकार मोजत होतो.

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तेलगावला गेलो. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर जाणार होता. आरसा, खुर्ची, दिवे आधीच गेले होते. निळा पडदा तेवढा होता, आणि बाहेर बाकडं. सतरा होकार झाले होते. चार पुसले, तीन करडे. अकरा आणि सहा सतरा, त्यात चार आणि तीन मिळवले की चोवीस. वरच्या चौकटीबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मी ठरवून गेलो होतो की विचारायचं नाही. ती करडीच राहिली तरी साईट उघडायची. तुझा रुमाल तिथं राहू द्यायचा, आणि मी आयुष्यभर त्याबद्दल गप्प बसायचं. मला ते जमलं असतं की नाही, माहीत नाही.

संगीता तुझ्या खुर्चीऐवजी पत्र्याच्या स्टुलावर बसली. "कसं चढवायचं त्ये दावा एकदा," म्हणाली. मी एक लहान फोटो चढवून दाखवला, साईट उघडायचं बटण दाखवलं आणि परत बंद केलं. ती म्हणाली, "कळलं. आता भाईर."

दार लागलं. पडदा ओढल्याचा आवाज आला. मी बाकड्यावर बसलो, तुझा फोन हातात.

"नंबर मागतंय ह्ये," आतून आवाज आला.

तुझा फोन थरथरला. मी सहा आकडे एकेक करून दाराकडं तोंड करून सांगितले. तिनं प्रत्येक आकडा परत उच्चारला. मी बाकड्यावर वाट बघत राहिलो. हॉटेलवाला माझ्याकडं बघून हसला. किती पुरुष त्यानं त्या बाकड्यावर असे बसलेले बघितले असतील.

"लाईट गेली का?" मी विचारलं.

"न्हाई," संगीता म्हणाली. "आज हाय."

थोड्या वेळानं माऊसचा एक खटका ऐकू आला.

"झालं," ती म्हणाली. "उघडली साईट."

"सगळी?"

"बघा की. फोन तुमच्याच हातात हाय."

मी पत्ता टाकला. 'लवकरच येत आहे' गेलं होतं. तुझं नाव आलं, आणि त्याच्याखाली वरची मोठी चौकट वरून खाली हळूहळू भरू लागली. फोटो बारीक करायची पायरी तिनं गाळली असणार, आहे तसा जड चढवला होता, आणि फाट्यावरची रेंज तुला माहीत आहे. आधी निळ्या पडद्याची एक पट्टी आली. मग आणखी थोडा पडदा. मग मोकळ्या सोडलेल्या केसांचा भांग आणि कपाळाची वरची कड.

मी फोन बाकड्यावर पालथा ठेवला. तो फोटो त्या क्षणापासून कुणालाही दिसत होता, पुण्यात अमोलला, समोरच्या हॉटेलवाल्याला, नाव न माहीत असलेल्या कुठल्याही माणसाला. तरी मी दाराकडं तोंड केलं.

"संगीता," मी म्हणालो, "बघू का?"

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती हसली असं मला वाटलं, पण पडद्याआडून नक्की सांगता येत नाही.

"थांबा," ती म्हणाली. "येते मी भाईर. मंग बघू."

मी बाकड्यावर थोडा सरकलो आणि तिच्यासाठी जागा केली.